पताका कोणाच्या हाती? लोककलेचे पुरस्कार आणि आपली झाडीपट्टी

विषयपत्रिकेवर आयोजकांनी 'लोकसंगीत-लोकनाट्याचे वार्षिक पुरस्कार : एक चिकित्सा' असे छापले आहे. चिकित्सा म्हटले की कोणाला तरी आजार झालाय असे वाटते. तसा थोडा झालाही आहे, पण तो कलेला की पुरस्काराला, हे आज बघायचे. ब्रह्मपुरीत हा विषय बोलायला आम्हाला बरे वाटते. एका अंगाला वैनगंगा, पलीकडे वडसा, आणि भाऊबीज उलटली की रात्रीच्या नाटकांचे पोस्टर दिसत नाही असा चौक नाही. पुण्यामुंबईत लोककला हा परिसंवादाचा विषय असतो. इथे तो उद्या रात्री कुठे जायचे याचा विषय असतो.

सुरुवात २०२३ पासून करू. त्या वर्षी कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम कोमाजी खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि झाडीपट्टी रंगभूमी हा शब्द देशभरच्या बातम्यांत आला. आनंद झाला, खोटे कशाला बोला. आमच्या पिढीने वर्षानुवर्षे 'झाडीपट्टी म्हणजे नेमकं कुठं हो?' हा प्रश्न ऐकलेला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धानाचा मुलूख, असे दरवेळी सांगायचे आणि समोरचा मान डोलवून विसरायचा. आता निदान विचारण्याआधी फोनवर शोधतात.

पण बातम्या कशा आल्या ते बघा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोन गोष्टी होत्या. एक, आकडे : पाच हजारांहून अधिक प्रयोग, आठशे भूमिका. दुसरी, उपाधी : 'विदर्भाचे दादा कोंडके'. ही उपाधी प्रेमाने दिलेली आहे, आपल्याच लोकांनी आधीपासून वापरलेली आहे, तिच्यावर राग नाही. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, म्हणून थोडे थांबतो.

न्यायदर्शनात चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यातल्या उपमानाचे जुने उदाहरण असे. नगरात राहणाऱ्या माणसाने गवय नावाचे जनावर कधी पाहिलेले नाही. रानात राहणारा त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे नगरवासी रानात जातो, गाईसारखे काहीतरी दिसते, आणि त्याला कळते की हाच तो गवय. ज्ञानाची ही एक रीत झाली, चांगली रीत आहे. मात्र तिच्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. सांगणारा रानातला आहे आणि ऐकणारा पुढे रानात जाणार आहे. आपल्याकडे काय झाले? सांगणारा नगरातला, ऐकणाराही नगरातलाच, आणि रानात कोणी गेलेच नाही. त्यामुळे गाईवरच ज्ञान थांबले. दादा कोंडके कळलेले होते, ते पुन्हा एकदा कळले. दादांना कोणी 'पश्चिम महाराष्ट्राचे परशुराम खुणे' म्हटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. आपल्या रंगभूमीवरच्या २०२२ च्या चित्रपटालासुद्धा नाव मिळाले 'झॉलीवूड'. म्हणजे उपमानाचेही उपमान, हॉलीवूडवरून बॉलीवूड आणि त्यावरून हे. सन्मानाची भाषा जर सदा दुसऱ्याच्या नावावर उभी राहत असेल, तर सन्मान कोणाचा होतो?

इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या पहिल्याच भागात तो मानसन्मानाला अंतिम श्रेय मानायला नकार देतो. त्याचे कारण साधे आहे : मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो, आणि जे खरोखर आपले आहे ते असे सहज दुसऱ्याच्या हातात असू नये. आणखी एक गोष्ट तो म्हणतो. लोक मान मागतात ते आपण चांगले आहोत याची स्वतःला खात्री पटावी म्हणून, आणि तो मागतात शहाण्या, आपल्याला ओळखणाऱ्या माणसांकडून. 'आपल्याला ओळखणारी' हे शब्द महत्त्वाचे. न ओळखणाऱ्याने दिलेला मान फार तर उत्सव होतो, खात्री होत नाही.

मग लोककलेला ओळखणारा कोण? आपल्या राज्याचा कागद काढून पाहू. राज्य सांस्कृतिक पुरस्कार वर्षानुवर्षे बारा क्षेत्रांत दिले जात आले : नाटक, कंठसंगीत, उपशास्त्रीय संगीत, वाद्यसंगीत, मराठी चित्रपट, कीर्तन, शाहिरी, नृत्य, कलादान, तमाशा, लोककला आणि आदिवासी गिरीजन. ही यादी आम्ही एखादा श्लोक वाचावा तशी वाचतो, कारण तिच्यात महाराष्ट्राचे आख्खे सौंदर्यशास्त्र दडलेले आहे. तमाशाला स्वतःचे घर आहे. शाहिरीला आहे, कीर्तनाला आहे. यांना घर मिळाले ते योग्यच. पण दंडार कुठे बसवायची? खडी गंमत कुठे? त्या 'लोककला' या धर्मशाळेत. गोंधळी, वासुदेव, भारूड, दशावतार सगळे त्याच ओसरीवर, आणि वर्षाला माणूस बराच काळ एकच असे. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावातला रेला आदिवासी गिरीजनांत बसेल. तिथे कोरकू, वारली, भिल्ल, कोलाम, सगळेच बसलेले. एकेका जमातीचे नाचगाणे एकमेकांपासून इतके दूर की त्यांची तुलना म्हणजे धान आणि मोहफुले एकाच मापाने मोजणे.

आणि झाडीपट्टीचे नाटक? हा खरा पेच आहे. ते लिखित असते, लेखकाचे नाव पोस्टरवर असते, अंक असतात, पदे असतात, ऑर्गन असतो. म्हणजे हे नाटक झाले, १८८० च्या 'संगीत शाकुंतला'पासून चालत आलेल्या घराण्यातले. पण ते मंडपात होते, गावच्या शंकरपटाला किंवा मंडईला होते, रात्री दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटे संपते, मध्ये लावणी येते, हिंदी सिनेमाचे गाणे येते, विनोदी पात्र गावच्या सरपंचाचे नाव घेऊन कोटी करते. म्हणजे ही लोककला झाली. नाटकाच्या परीक्षकाला ते पुरेसे नाटक वाटत नाही आणि लोककलेच्या अभ्यासकाला पुरेसे लोक वाटत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण बहुतेक आमच्या कलावंतांवरूनच पडली असावी.

हा पेच आपल्याच वाट्याला आला असे समजू नका. अमेरिकेत ज्याला कंट्री संगीत म्हणतात, म्हणजे तिकडच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांचे, शेतकरी-मजुरांचे गाणे, त्याची संघटना १९५८ साली झाली आणि १९६७ पासून नॅशव्हिल शहरात तिचे वार्षिक पुरस्कार सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते दूरचित्रवाणीवर गेले आणि मोठे झाले. मग भांडण सुरू. १९७४ मध्ये सर्वोत्तम गायिकेचा मान ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला मिळाला. जन्म इंग्लंडचा, वाढली ऑस्ट्रेलियात, गाणे बरेचसे शहरी थाटाचे. जुन्या कलावंतांनी चिडून स्वतःची वेगळी संघटना काढली. पुढच्या वर्षी तर कमालच झाली. आदल्या वर्षीचा मानकरी चार्ली रिच नव्या मानकऱ्याचे नाव जाहीर करायला व्यासपीठावर आला, पाकीट उघडले, आत जॉन डेन्व्हरचे नाव होते, आणि याने खिशातला लायटर काढून ती चिठ्ठीच पेटवली. सगळा देश बघत होता. त्याने ते निषेध म्हणून केले की त्याचा तोल गेला होता, यावर आजही लोक वाद घालतात. आम्हाला त्यात एवढेच महत्त्वाचे वाटते की 'आमचे' आणि 'आमचे नव्हे' ही रेषा ठरवण्याची जागा म्हणजे पुरस्काराचे पाकीट, हे सगळ्यांना कळलेले होते.

रेषा पुढेही सरकत राहिली. चार्ली प्राइड हा काळा गायक. १९७१ मध्ये त्याला त्या संघटनेचा वर्षातला सर्वोच्च मान मिळाला. पण २०२४ मध्ये बियॉन्से या गायिकेने त्याच परंपरेवर हक्क सांगणारा अल्बम काढला तेव्हा त्या संघटनेने तिला एकही नामांकन दिले नाही. काही महिन्यांनी, २०२५ च्या ग्रॅमीत, त्याच अल्बमला कंट्री विभागाचा पुरस्कार मिळाला. एकच गाणे, एका घरात आपले, दुसऱ्या घरात परके. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज डिकी याने असा सिद्धांत मांडला होता की एखादी वस्तू कलाकृती ठरते ती तिच्या अंगच्या गुणाने नव्हे, कलाविश्वाच्या वतीने कोणीतरी तिला तो दर्जा देऊ केल्याने. आमच्या वर्गात मुलांना हा सिद्धांत ऐकून हसू यायचे. पुरस्कारांच्या याद्या पाहिल्यावर तेवढे हसू येत नाही.

आता आपल्याकडचे जॉन डेन्व्हर कोण, असे कोणी तरी मनात म्हणतच असेल. झाडीपट्टीत हा वाद रोजचा आहे. ऑक्टोपॅड आला, डीजे आला, लावणीच्या नावाखाली काहीही चालते, नागपूरहून कलावंत आणतात, खरी झाडीपट्टी उरली नाही. आम्हाला यातली काही तक्रार मान्य आहे. ऑर्गनवर पद उचलून धरणारा गायकनट कमी झाला, ही हानी आहे. ती नुसती आठवणीतली हळहळ नाही. कानाला कळणारी हानी आहे. नाटकात पद का असते, तर पात्राला जे गद्यात पेलत नाही ते तो गाऊन पेलतो. त्या जागी तयार गाण्याचा ट्रॅक वाजला की पात्राचे ओझे कोणी दुसराच वाहून नेतो. पण 'शुद्ध' झाडीपट्टी नावाची गोष्ट कधी होती हे आम्हाला कोणी दाखवावे. दंडारीतून नाटक आले, नाटकात कंपनीची पदे आली, स्त्रीपार्ट करणारे पुरुष गेले आणि स्त्रिया आल्या. बदल हाच जिचा स्वभाव तिला शुद्धतेचे प्रमाणपत्र मागणे म्हणजे नदीला सातबारा मागणे. शुद्धतेचा पुरस्कार ठेवला तर वर्षातून एकदा नागपूरच्या सभागृहात दाखवायची एक वेगळीच झाडीपट्टी तयार होईल, फेटेबिटे बांधलेली, आणि मंडपातली आपली आपण चालत राहील.

हे आम्ही हवेत बोलत नाही. खंजिरी भजनाच्या स्पर्धा आपल्या विदर्भात गावोगाव होतात. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने हा मुलूख जागा केला, त्याचा तो वारसा. आम्ही परीक्षक म्हणून बरेचदा बसलो आहोत. स्वर, ताल, उच्चार, पोशाख, वेळ, असे गुणांचे रकाने असतात. मंडळांना रकाने पाठ झाले. ठरलेल्या मिनिटांत बसावे म्हणून भजनाची कडवी कापली जाऊ लागली, पहिलेच कडवे द्रुत लयीत, खंजिरीची एक करामत परीक्षकांसमोर हमखास. वाईट वाजवत नाहीत, हो. काही पोरे थक्क करतात. पण ज्या भजनात लय हळूहळू चढत जाते आणि बसलेला माणूस नकळत टाळी धरतो, ते भजन त्या मिनिटांत मावत नाही. ते त्याच मंडळाकडून सप्ताहात ऐकावे, स्पर्धेत नाही. रकाना जे मोजतो तेच वाढते. शेतीतही तसेच आहे, एकरी पोती मोजली की चव मोजायची राहते.

आता थोडे मागे जाऊ या, भरतमुनींकडे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात नाट्याच्या सिद्धीचा विचार आहे. आम्हाला तो सगळा ग्रंथातला सर्वांत माणसाळलेला अध्याय वाटतो. प्रयोग यशस्वी झाला हे कशावरून ओळखायचे? भरत म्हणतात, एक मानुषी सिद्धी असते. प्रेक्षक स्मित करतात, मोठ्याने हसतात, 'वा, वा' म्हणतात, त्यांच्या अंगावर काटा येतो, ते उठून उभे राहतात, अंगावरचे वस्त्र, बोटातली अंगठी नटाकडे टाकतात. दुसरी दैवी सिद्धी. रंगमंडप भरलेला आहे आणि आवाज नाही, गडबड नाही, क्षोभ नाही. ती वरची.

हे वाचताना आम्हाला मंडप आठवतो. कोणीतरी दहा-वीसची नोट पुढे पाठवतो आणि माईकवर त्याचे नाव आणि कोणत्या कलावंताला बक्षीस ते पुकारले जाते, ही भरताची मानुषी सिद्धी. आपल्या सुशिक्षितांना ते बक्षीस पुकारणे गावंढळ वाटते. अहो, ते दोन हजार वर्षांचे शास्त्र आहे. आणि रात्री तीनच्या सुमारास, थंडीत घोंगडे ओढून बसलेली शेकडो माणसे एका आईच्या संवादाला एकदम गप्प होतात, पोरेसुद्धा रडायची थांबतात, ती दैवी. ज्यांनी ती ऐकली आहे त्यांना आम्ही काय सांगणार.

भरतांनी परीक्षकही सांगितले आहेत, त्यांना प्राश्निक म्हणतात. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, शब्द जाणणारा, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. दहा जण, आणि प्रत्येकाने आपापल्या ज्ञानापुरते बोलायचे. धनुर्धराने उभे राहण्याचा डौल बघायचा, चित्रकाराने रंगभूषा-वेशभूषा, गणिकेने शृंगाराचे वागणे, राजसेवकाने अदब. सेवकाला परीक्षक करण्याची बुद्धी बघा. राजाची भूमिका बरोबर वठली का हे राजा सांगेल, पण नोकराची वठली का हे नोकरच सांगेल. आणि जिंकणाऱ्याला मिळायची पताका. आता आपल्या पुरस्कार समित्यांत पाहा : सरकारी अधिकारी, प्राध्यापक (आमचीच जात, म्हणून मोकळेपणी बोलतो), एखादा जुना मानकरी, एखादा राजकीय कार्यकर्ता. रोवण्याला जाणारी बाई कुठे आहे? रोवणीची गाणी कोणती खरी आणि कोणती माईकसाठी बनवलेली, हे चिखलात वाकून गायलेल्या बाईपेक्षा अधिक कोणाला कळणार?

आणि तिला पुरस्कार तरी कसा द्यायचा, हा पुढचा प्रश्न. इथे लोकसंगीत आणि पुरस्कार यांचे मूळचेच वाकडे आहे. पुरस्काराला एक नाव लागते, एक छायाचित्र लागते, शाल एकाच खांद्यावर पडते. रोवणीचे गाणे एक बाई उचलते, बाकीच्या झेलतात, आणि बांधीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत उचलणारी बदललेली असते. रेल्यात हात गुंफलेले असतात. गोटूलसमोरच्या त्या वर्तुळात पहिली कोण आणि शेवटची कोण? पोळ्याच्या झडत्या घ्या, एकाने टाकली की दुसऱ्याने तोडीस तोड टाकायची. अर्धी झडती ही झडतीच नव्हे. या ठिकाणी 'कलावंत' हा शब्द एकवचनी वापरणे हीच चूक आहे. त्यामुळे होते काय, की समूहातला जो बोलका, ज्याला अर्ज भरता येतो, ज्याचा भाचा तालुक्याच्या कचेरीत आहे, तो समूहाचे नाव होऊन बसतो. त्याचा दोष नाही. अर्जात रकानाच एक आहे.

अर्जावरून आठवले. पुरस्कारांच्या झगमगाटात एक छोटी गोष्ट दिसत नाही, ती आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मासिक मानधन देते, ही योजना १९५४-५५ पासूनची जुनी. त्यात अनेक वर्षे तीन वर्ग होते. अ वर्ग राष्ट्रीय, ब वर्ग राज्यस्तरीय, क वर्ग स्थानिक. अलीकडचे दर महिन्याला अनुक्रमे ३१५०, २७०० आणि २२५० रुपये होते. २०२४ मध्ये ही वर्गवारी जाऊन सरसकट ५००० झाले. ते उत्तम झाले, पैशापेक्षा विचाराने उत्तम झाले. कारण लोककलावंताला 'स्थानिक' म्हणून तिसऱ्या वर्गात घालणे म्हणजे माशाला तो पाण्यातला आहे म्हणून कमी गुण देणे. लोककला स्थानिकच असते. ज्या दंडारीला आपल्या गावाबाहेर अर्थ नाही ती कदाचित अधिक अस्सल दंडार असेल. सरकारला हे कळायला सत्तर वर्षे लागली, पण कळले.

मात्र पुराव्याचे दुखणे राहिलेच. कलावंत असल्याचा पुरावा काय? कात्रणे, प्रमाणपत्रे, फोटो. ज्याने तीस वर्षे आसपासच्या गावांत दंडार केली त्याच्याकडे कात्रण कुठले? त्याच्याकडे गावे आहेत. त्या गावांतली म्हातारी माणसे सांगतील, हा अमुक पार्ट करायचा आणि आम्ही रडायचो. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण आहे, आप्ताचे, म्हणजे जाणत्या आणि खऱ्या माणसाचे वचन. कचेरीत मात्र शिक्का हेच प्रमाण. आम्हाला वाटते, पाच गावच्या पाच जाणत्यांनी येऊन सांगितलेली साक्ष ही वर्तमानपत्राच्या कात्रणापेक्षा बळकट मानली पाहिजे. खोट्या साक्षी येतील? येतील. खोटी प्रमाणपत्रे येत नाहीत का!

विठाबाई नारायणगावकरांचे नाव घेतल्याशिवाय पुरस्कारांची गोष्ट पूर्ण होत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली, तमाशाचा फड अंगावर पेलणारी बाई. जानेवारी २००२ मध्ये ती गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना मदत गोळा करावी लागली. काही वर्षांतच, २००६ मध्ये, तिच्याच नावाने राज्याचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. कांताबाई सातारकर, मंगला बनसोडे अशा खऱ्या मोठ्या कलावंतांना तो मिळाला आहे, त्याचे मोल कमी करायचे नाही. पण ज्या समाजाने तिला जिवंतपणी सांभाळले नाही त्याने तिचे नाव पदकावर कोरावे, यात काय आहे? पश्चात्ताप आहे की हिशेब चुकता केल्याचे समाधान? आम्हाला दुसरे अधिक दिसते. दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीने २०२३ मध्ये, तोवर कुठलाच राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या पंचाहत्तरीपुढच्या ऐंशीहून अधिक कलावंतांना एकरकमी अमृत पुरस्कार दिले. चांगली गोष्ट, आणि कबुलीही. इतकी माणसे नजरेतून सुटली होती! जीवनगौरव हा शब्दच बघा. गौरव जीवनाचा, पण द्यायचा जीवन सरत आले की. आम्हीही सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे या शब्दातली गंमत आम्हाला हल्ली जास्त कळते. झाडीपट्टीतला नट पन्नाशीपर्यंत रात्र रात्र उभा राहतो, मेटॅडोरमधून पहाटे घरी येतो, दुपारी पुढच्या गावाला निघतो. हंगाम संपला की धान, तेंदूपत्ता, मजुरी, जे मिळेल ते. त्याला शाल हवी आहे ती ऐंशीव्या वर्षी नाही. थंडी आत्ता वाजते.

मग पुरस्कार नकोतच का? असे म्हणणारे मित्र आहेत. लोककलेला लोकांची दाद पुरे, म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. हा पोट भरलेल्यांचा वैराग्ययोग आहे. शास्त्रीय गवयाला अकादमीची फेलोशिप हवी, नाटककाराला सांगलीचे विष्णुदास भावे पदक हवे, आणि दंडारवाल्याने मात्र दादेवर जगावे, हा न्याय कुठला? सन्मानाने दार उघडते. पद्म सन्मानाबरोबर पैसे मिळत नाहीत, नावामागे तो लावताही येत नाही. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने पदव्या बंद केल्या आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पद्म सन्मान ही पदवी नव्हे म्हणूनच तो टिकवला. तरीसुद्धा एका गुरनोलीच्या माणसाला राष्ट्रपती भवनात पाहिल्यावर 'नाटकातला आहे' म्हणून मुलगी द्यायला बिचकणारा एखादा बाप तरी विचार करील. कलावंताच्या घरी याचे मोल फार असते.

आपल्या झाडीपट्टीचा स्वतःचा वार्षिक पुरस्कार असावा, असे गेली काही वर्षे पानठेल्यांपासून साहित्य संमेलनांपर्यंत बोलले जाते. असावा, असे आमचेही मत आहे. पण तो कसा असू नये हे आधी ठरवू. जिल्ह्याच्या गावी सभागृह, मंत्र्यांची वाट बघत दोन तास, मग घाईघाईत शाली, असा नको. 'सर्वोत्कृष्ट नट, सर्वोत्कृष्ट नटी' अशी सिनेमाच्या पुरस्कारांची नक्कल नको. तो व्यक्तीला देण्याआधी संचाला द्या. प्रॉम्प्टरला द्या, रात्रभर अंधारात बसून दुसऱ्याच्या तोंडी शब्द देणारा तो माणूस पोस्टरवर कधीच नसतो. ऑर्गनवाल्याला द्या. पडदे रंगवणाऱ्याला, मंडप घालणाऱ्याला द्या. एखाद्या गावालाच द्या की! पिढ्यान्‌पिढ्या मंडईची दंडार न मोडणारे गाव, त्याला पैसे द्या, त्यांनी त्यातून ढोलक्या घ्याव्यात नाहीतर पोरांना शिकवायला म्हाताऱ्या गड्याला वर्षाचे धान द्यावे. पंचविशीतल्या पदे गाणाऱ्या पोराला द्या, म्हणजे तो पुण्याला वॉचमन व्हायला जाण्यापूर्वी एकदा थांबेल. रक्कम फार नसली तरी चालेल, पण दरवर्षी ठरल्या दिवशी मिळाली पाहिजे; उशिरा आलेल्या पावसाने रोवणा होत नाही.

आणि परीक्षक. भरताचे दहा आपण आपल्या परीने बदलून घेऊ : एक ढोलकीवाला, एक नाटक लिहिणारा, एक झाडीबोली जाणणारा, एक शिंपी, एक निवृत्त स्त्रीपार्टी, रोवण्यातली एक बाई, माडिया मुलखातला एक गायता, एक शाळामास्तर, एक तिकीट फाडणारा. दहावा प्राध्यापक असला तर असू द्या, शेवटी बसवा. यांनी प्रयोग चित्रफितीवर बघायचा नाही. प्रवेशिका, सीडी, लिंक काही मागवायचे नाही. परीक्षकांनी तिकीट काढून मंडपात जायचे, कुठल्या रात्री जाणार हे कंपनीला कळू द्यायचे नाही, आणि पहाटेचा शेवटचा अंक होईपर्यंत उठायचे नाही. घोंगडे आपले आपण आणायचे.